तस्करीतून सुटलेल्या व्यक्तीचा जबाब: खोलीत शिरण्याआधी आणि शिरल्यावर तिचे हक्क

एका निवारागृहात काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: "आमच्याकडे तेवीस वर्षांची एक मुलगी आहे. घरकामाची नोकरी म्हणून तिला परदेशात नेलं, पासपोर्ट काढून घेतला आणि दीड वर्ष कोंडून राबवलं. आता तपास अधिकाऱ्यांनी तिला जबाबासाठी बोलावलंय. तिला जावंच लागेल का? वकील सोबत नेता येतो का? सुटकेच्या दिवशी तिने पोलिसांना खोटं नाव सांगितलं होतं आणि तिचा व्हिसाही बनावट निघाला, तर उलट तीच अडकेल का? मी तिच्याशेजारी बसू शकते का?"

ताई, तपास कोणत्या देशात सुरू आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे जवळपास सगळीकडे लागू पडेल असा पाया आधी सांगते आणि कायदा जिथे वेगळा वळतो तिथे त्या त्या देशाचं नाव घेते. मी वकील आहे. अशा जबाबांच्या वेळी पीडितांच्या बाजूने बसण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही: तिला कोणत्या नात्याने बोलावलंय? पीडित म्हणून, साक्षीदार म्हणून, की संशयित म्हणून?

हे आधी ठरल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही. संशयिताला सहसा गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क असतो आणि अनेक देशांत तो त्याला सांगावा लागतो. साक्षीदाराला बहुतेक देशांत असं काही सांगितलं जात नाही. उलट खरं सांगणं त्याच्यावर बंधनकारक असतं. पीडिताला संरक्षण, माहिती, मदत आणि भरपाईचे वेगळे हक्क असतात. तस्करीच्या प्रकरणात एकच माणूस एकाच दुपारी या तिन्ही खुर्च्यांवर बसून जातो आणि खुर्ची कधी बदलली ते त्याला कळतही नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मासेमारीच्या बोटीवर दोन वर्षं डांबून ठेवलेल्या एका माणसाचा जबाब चालू होता. तो साक्षीदार म्हणून आला होता. तीन तास सगळं सुरळीत गेलं. मग अधिकाऱ्याने वहीचं पान उलटलं आणि त्याच आवाजात विचारलं, "त्या रात्री सुकाणूवर कोण होतं?" बोटीतून बेकायदा मालही जात होता. हा उत्तरासाठी तोंड उघडणार तेवढ्यात मी मधे पडले आणि म्हटलं, "हा प्रश्न तुम्ही त्याला साक्षीदार म्हणून विचारताय की आरोपी म्हणून?" अधिकारी वाईट नव्हता. त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. जबाब तिथेच थांबला, त्या माणसाशी मी अर्धा तास एकांतात बोलले आणि मग पुढचं ठरलं. मी तिथे नसते तर ते उत्तर कागदावर गेलं असतं.

म्हणून जाण्याआधी एक छोटं पत्र किंवा ईमेल पाठवा: तिला कोणत्या नात्याने बोलावलं आहे, कोणत्या गुन्ह्याच्या संदर्भात, जबाब कोण घेणार, किती वेळ लागेल आणि दुभाषी कोण असेल. उत्तर लेखी मागा. लेखी दिलं नाही, तर कोणी, केव्हा, काय तोंडी सांगितलं ते तुमच्या वहीत तारखेसह टिपून ठेवा. जबाब सुरू असताना नातं बदललं, तर थांबून वकिलाशी बोलण्याची मागणी तिला करता येते. स्वतःवर गुन्हा ओढवेल अशा प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्ती नसणं हे तत्त्व जगातल्या बहुतेक कायद्यांत आहे. भारतात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० मध्ये ते पोलिसांसमोरच्या साक्षीदारासाठीही स्पष्ट लिहिलं आहे. अमेरिकेत ते संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीतून येतं.

आता जावंच लागेल का ते पाहू. मदत आणि जबाब या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिला आणि तुमच्या संस्थेतल्या प्रत्येकाला पक्कं माहीत हवं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाने २००२ मध्ये तस्करीसंबंधी जी तत्त्वं मांडली, त्यांतलं आठवं तत्त्व हेच सांगतं: निवारा, उपचार आणि आधार यांसाठी "आधी साक्ष दे" अशी अट घालता येणार नाही. युरोप परिषदेच्या (ही युरोपीय संघाहून वेगळी, मानवी हक्कांसाठीची देशांची संघटना) २००५ च्या तस्करीविरोधी करारात आणि युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशातही हेच बंधन आहे. त्यामुळे "जबाब दिला नाहीस तर इथे राहता येणार नाही" असं तिला कोणी म्हणालं, अगदी भल्या हेतूने म्हणालं, तरी ते चूक आहे. मात्र अनेक देशांत न्यायालय साक्षीदाराला समन्स काढून बोलावू शकतं हेही खरं आहे. अमेरिकेत तस्करीच्या पीडितांसाठी जो टी व्हिसा आहे, त्यासाठी तपास यंत्रणेच्या वाजवी विनंतीला साथ द्यावी लागते. त्यातून अठरा वर्षांखालच्यांना आणि मानसिक आघातामुळे साथ देणं शक्य नसलेल्यांना सूट आहे. म्हणजे जायला साफ नकार देता येईल की नाही हे देशावर अवलंबून आहे. जवळपास सगळीकडे जे मागता येतं ते म्हणजे वेळ.

वेळ मागणं ही सवलत आहे असं समजून ओशाळं होऊ नका. युरोप परिषदेच्या कराराच्या कलम १३ मध्ये सावरण्यासाठी आणि विचार करण्यासाठी किमान ३० दिवस दिलेले आहेत. या काळात तिला देशाबाहेर काढता येत नाही आणि तपास यंत्रणांना सहकार्य करायचं की नाही हे तिने तस्करांच्या दबावाबाहेर, शांतपणे ठरवावं अशी अपेक्षा असते. हा करार लागू नसलेल्या देशातही वैद्यकीय कारण सांगून तारीख पुढे ढकलण्याची विनंती करता येते. सुटकेनंतरच्या पहिल्या आठवड्यात माणसाला झोप नसते, अन्न जात नाही, प्रत्येक गणवेश मालकाच्या माणसासारखा भासतो. अशा वेळी घेतलेल्या जबाबात भीतीच उतरते आणि पुढे न्यायालयात बचाव पक्ष तोच कागद तिच्यासमोर धरतो. तपासाला घाई असण्याची खरी कारणंही असतात: दुसऱ्या मुली अजून आत असतात, आरोपी पळण्याच्या बेतात असतो. अशा वेळी मी अधिकाऱ्यांना सुचवते की आज फक्त तातडीची माहिती घ्या, म्हणजे जागा, माणसं, गाडी, फोन नंबर. सविस्तर जबाब नंतर घ्या. बरेच अधिकारी हे मान्य करतात.

कुठे जायचं यालाही महत्त्व आहे. भारतात महिलेला साक्षीदार म्हणून तिच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ तसं सांगतं. तिने स्वतःहून ठाण्यात यायची तयारी दाखवली तर गोष्ट वेगळी. फोनवर "उद्या अकरा वाजता ठाण्यात या" असं फर्मान आलं की बहुतेक संस्था मुलीला गाडीत घालून निघतात. तुम्ही तसं करू नका. जबाब निवारागृहातल्या स्वतंत्र खोलीत घेता येईल का, हे आधी विचारा.

ज्या प्रश्नाने तुम्हाला झोप लागत नसेल, त्याकडे येते. खोटं नाव आणि बनावट व्हिसा.

२००२ च्या त्याच तत्त्वांमधलं सातवं तत्त्व म्हणतं की तस्करी झालेल्या व्यक्तीला बेकायदा प्रवेश, बेकायदा वास्तव्य किंवा तस्करीचा थेट परिणाम म्हणून तिच्या हातून घडलेली बेकायदा कृत्यं यांसाठी अटक, आरोप किंवा खटला होऊ नये. युरोप परिषदेच्या कराराचं कलम २६ आणि युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाचं कलम ८ याच दिशेचे आहेत. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यात कलम ४५ नुसार हा बचाव न्यायालयात मांडता येतो, पण गंभीर गुन्ह्यांची एक लांबलचक यादी त्यातून वगळलेली आहे. हे संरक्षण कुठेही आपोआप मिळत नाही, हे नीट लक्षात घ्या. बहुतेक ठिकाणी ते अभियोक्त्याच्या, म्हणजे सरकारी वकिलाच्या, विवेकावर सोडलेलं असतं आणि त्यासाठी आधी कोणीतरी तिला तस्करीची पीडित म्हणून ओळखावं लागतं.

ही ओळख उशिरा पटली तर काय होतं, ते युरोपीय मानवी हक्क न्यायालयासमोर आलेल्या ब्रिटनच्या एका प्रकरणात दिसलं. दोन व्हिएतनामी अल्पवयीन मुलं गांजाची रोपं वाढवणाऱ्या घरांत सापडली. त्यांना मालकांनी तिथे राबवलं असेल, असा संशय यायला पुरेशी कारणं समोर होती. तरी त्यांच्यावर खटला चालला, दोघांनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की राज्याने गुलामगिरीपासून संरक्षणाचा आणि न्याय्य सुनावणीचा, असे दोन्ही हक्क मोडले. तस्करीचा विश्वसनीय संशय असेल तेव्हा खटल्याचा निर्णय घेण्याआधी प्रशिक्षित व्यक्तीने त्याची तपासणी करायला हवी, हे त्या निकालाचं सार आहे. तुमच्या मुलीच्या प्रकरणात कोणी गुन्हा दाखल करायची भाषा केली, तर तिच्या वकिलाने पहिली मागणी याच क्रमाची करावी: आधी ओळख, मग आरोपाचा विचार.

आग्नेय आशियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या तळांमुळे हा मुद्दा आता आणखी तापला आहे. म्यानमार, कंबोडियातल्या त्या आवारांत नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना कोंडून, मारहाण करून अनोळखी लोकांना फसवायला बसवलं जातं. सुटून आल्यावर त्यांच्या फोनमध्ये दोन्ही गोष्टी असतात: त्यांच्यावर झालेल्या जुलुमाचा पुरावा आणि त्यांच्या हातून घडलेल्या फसवणुकीचाही. फोन देण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. "फोन जरा बघू" असं म्हटल्यावर फोन उघडून हातात दिला, की ती अनेक ठिकाणी संमती समजली जाते. नेमकं काय बघणार, किती काळातलं, फोन परत केव्हा देणार, हे विचारा आणि घेतला तर पावती मागा. तिच्या मनात काही लपवायचं आहे म्हणून हे करायचं नसतं. आपल्या हातून काय जातंय हे तिला कळावं म्हणून करायचं असतं.

खोट्या नावाबद्दल माझा सल्ला असा. वकिलाशी एकांतात बोलून झालं की तिने ते स्वतःहून, सुरुवातीलाच सांगावं, आणि का सांगितलं होतं तेही सांगावं. "पोलिसांना खरं नाव सांगितलंस तर तुझ्या घरी माणसं पाठवू" अशी धमकी दिलेली असते, कधी तेच खोटं नाव घेऊन ती दीड वर्ष जगलेली असते. अधिकाऱ्याने तफावत शोधून काढली आणि तिने ती आपण होऊन सांगितली, या दोन गोष्टींत न्यायालयाच्या नजरेत फार अंतर आहे. पण वकिलाशी बोलण्याआधी हे सांगायला तिला भरीस घालू नका.

याला जोडूनच एक प्रश्न हमखास येतो: "तू स्वतःच्या मर्जीने गेलीस ना?" या प्रश्नाने मी मुलींना ढसाढसा रडताना पाहिलंय, कारण त्यांचं खरं उत्तर "हो" असतं. स्वतःच बॅग भरलेली असते, दलालाला पैसेही घरच्यांनीच कर्ज काढून दिलेले असतात. ताई, ते "हो" म्हणायला तिला घाबरू देऊ नका. २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या तस्करीविरोधी कराराच्या, कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की धाक, फसवणूक, जबरदस्ती किंवा असहायतेचा गैरफायदा यांपैकी काही वापरलं असेल तर शोषणाला दिलेल्या संमतीला अर्थ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही पीडिताची संमती गैरलागू ठरवली आहे. ग्रीसमधल्या मानोलादा इथे स्ट्रॉबेरीच्या शेतांवर राबणाऱ्या बांगलादेशी मजुरांनी काम स्वेच्छेने धरलं होतं. पगार मागायला गेले तेव्हा २०१३ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यांच्या प्रकरणात २०१७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की सुरुवातीची संमती असली म्हणून सक्तीची मजुरी नाकारता येत नाही. तुमची मुलगी घरकामाला होती, तेव्हा हा निकाल तिच्या वकिलाला नक्की सांगा.

वकील नेता येतो का? संशयित असेल तर बहुतेक देशांत वकिलाचा हक्क आहे. पीडित असेल तर युरोपीय संघात कायदेशीर सल्ला विनाविलंब आणि ऐपत नसल्यास मोफत मिळतो. भारतात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार मानवी तस्करीच्या पीडिताला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे एक साधा अर्ज पुरतो. काही देशांत साक्षीदारासोबत वकील खोलीत बसू शकतो की नाही यावर कायदा गप्प आहे. तिथे आधी लेखी विनंती करा. नाकारली तर वकिलाला दाराबाहेर बसू द्या आणि मधे थांबून त्याच्याशी बोलता येईल असं कबूल करून घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. वकील कोणाचा आहे ते तपासा. तस्करांचे लोक पीडितांसाठी वकील पाठवतात. तो अगत्याने बोलतो, फी घेत नाही, "लवकर घरी सोडवतो" म्हणतो आणि जबाबात मालकाचं नाव येऊ देत नाही. फी कोण देतंय, याच टोळीतल्या दुसऱ्या कोणाचं वकीलपत्र त्याच्याकडे आहे का, हे दोन प्रश्न सरळ विचारा. जामीनदार किंवा नातेवाईक म्हणून अचानक उगवणाऱ्या माणसांबाबतही तसंच.

दुभाषीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण जबाब बिघडण्याची सर्वांत जास्त उदाहरणं मी इथे पाहिली आहेत. तिला समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा हक्क पालेर्मो प्रोटोकॉलच्या कलम ६ मध्येच आहे. नुसती "भाषा" पुरत नाही, बोली जुळावी लागते. दुभाषी तिच्याच गावचा, तिच्या समाजातला किंवा तिला आणणाऱ्यांच्या ओळखीचा नसावा. जबाबाआधी दोघींना पाच मिनिटं साध्या गोष्टींवर बोलू द्या आणि तिला विचारा, "हिचं बोलणं नीट कळतंय का, हिच्यासमोर बोलायला हरकत नाही ना?" नको वाटलं तर दुसरा दुभाषी मागण्याचा तिला अधिकार आहे आणि त्याचं कारण अधिकाऱ्यासमोर तपशिलात सांगायची गरज नाही.

एका जबाबात मुलगी सारखी "काकी" म्हणत होती. "काकीने कोंडलं, काकीने फोन घेतला, काकीने माणसं आणली." दुभाषीने सरळ "वडिलांच्या भावाची बायको" असं भाषांतर केलं आणि कागदावर आरोपी नातेवाईक झाली. प्रत्यक्षात त्या घरात कोंडलेल्या सगळ्याच मुलींना त्या बाईला काकी म्हणायची सक्ती होती. वर्षभराने उलटतपासणीत वकिलाने विचारलं, "तुला सख्खी काकी आहे का?" ती म्हणाली, "नाही." "मग जबाबात खोटं का सांगितलंस?" एका शब्दाने तिच्या सगळ्या साक्षीवर सावली पडली. तेव्हापासून मी प्रत्येक जबाबाच्या सुरुवातीला विचारते: ती माणसं एकमेकांना काय म्हणायची, तू त्यांना काय म्हणायचीस, आणि त्या शब्दाचा तिथे अर्थ काय होता? हे कागदावर मूळ शब्दासकट येऊ द्या.

खोलीत कोण असावं याबाबत कायदे बरेच पुढे गेले आहेत. भारतात १९५६ च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियमाच्या कलम १५ नुसार छाप्यात सोडवलेल्या स्त्रीची चौकशी महिला पोलीस अधिकाऱ्यानेच करायची. ती उपलब्ध नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला सदस्याच्या उपस्थितीतच. युरोपीय संघाचा २०११ चा निर्देश सांगतो की जबाबांची अनावश्यक पुनरावृत्ती, आरोपीशी नजरानजर आणि गरज नसताना खासगी आयुष्याबद्दल विचारणा टाळावी. "यापूर्वी तुझे कोणाशी संबंध होते?" हा प्रश्न तस्करीच्या तपासात कुठल्या मुद्द्यासाठी लागतो, हे विचारायचा तिला आणि तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. अधिकाऱ्याला कारण सांगता आलं नाही तर तो प्रश्न सोडून पुढे जाण्याची विनंती करा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये तस्करी झालेल्या स्त्रियांशी बोलताना पाळायच्या नैतिक आणि सुरक्षिततेच्या सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा पाया एकच: बोलण्यामुळे तिचं नुकसान होता कामा नये. प्रत्यक्षात हे अगदी साध्या गोष्टींत दिसतं. तिची खुर्ची दाराजवळ ठेवा आणि मधे टेबल आडवं येऊ देऊ नका. दाराला आतून कडी लागली की कोंडलेली माणसं आक्रसतात. हात मांडीखाली जातात, उत्तरं एका शब्दावर येतात. अधिकाऱ्याला वाटतं ती लपवतेय. दार नुसतं लोटून घेतलं, थांबायचं असेल तर हात वर कर असं सांगितलं, की वीस मिनिटांत तीच मुलगी सलग बोलू लागते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता खोलीत शिरल्यावर माझी नजर आधी खुर्च्यांवर जाते.

आठवणीबद्दल तिला आधीच निर्धास्त करा. भीतीत आणि उपासमारीत गेलेल्या काळाच्या तारखा माणसाला लागत नाहीत. ती "पाऊस सुरू झाला होता" किंवा "मालकिणीच्या मुलाची परीक्षा होती" असं सांगेल. तेच लिहू द्या. अंदाजाने तारीख सांगायला कोणी भाग पाडलं तर तिने म्हणावं, "नक्की आठवत नाही." नंतर आठवलेली गोष्ट सांगण्याचा, चुकीची दुरुस्त करण्याचा तिला हक्क आहे. पुरवणी जबाब ही तपासातली नेहमीची गोष्ट आहे.

जबाब संपला की तो तिच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवायला सांगा, दुभाषीने सारांश सांगून उरकू नये. दुरुस्ती असेल तर ती कागदावर दिसेल अशी करून घ्या. सहीबाबत देशागणिक फरक आहे. अनेक ठिकाणी प्रत्येक पानावर सही घेतात आणि तिला न समजलेल्या भाषेतल्या पानावर सही करायची नाही हा तिचा ठाम निर्णय असला पाहिजे. भारतात उलट आहे: पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं सांगतं. कोऱ्या कागदावर सही तर कुठेच नाही. न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचा, त्याच संहितेच्या कलम १८३ खालचा जबाब वेगळा असतो, त्याचं वजन जास्त असतं आणि त्याआधी तिने वकिलाशी बोललेलं असावंच.

अधिकारी तिच्या एकटीच्या शब्दावर सगळा खटला उभा करत असतील, तर त्यांना क्रोएशियाचं प्रकरण सांगा. २५ जून २०२० रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने राज्याला दोषी धरलं, कारण समोर दिसणारे इतर धागे न तपासता यंत्रणेने पीडितेच्या साक्षीवरच भिस्त ठेवली होती. तिकिटं, पैसे पाठवल्याच्या पावत्या, घरमालक, शेजारी, संदेश, हे शोधणं तपास यंत्रणेचं काम आहे. हे धागे कुठे सापडतील एवढं तिने सांगितलं की तिच्यावरचा भार हलका होतो.

तुमच्या संस्थेत अठराखालची मुलंही येत असतील म्हणून थोडक्यात: पालेर्मो प्रोटोकॉलनुसार मुलाच्या बाबतीत धाक किंवा फसवणूक सिद्ध करावी लागत नाही, शोषणाच्या हेतूने नेलं एवढं पुरतं. वयाबद्दल शंका असेल तर त्याला अल्पवयीन धरूनच पुढे जावं, असं युरोप परिषदेचा करार आणि युरोपीय संघाचा २०११ चा निर्देश, दोन्ही सांगतात. लैंगिक शोषणाच्या प्रकरणांत भारताच्या पोक्सो कायद्यानुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, गणवेशाशिवाय, पालक किंवा त्याच्या विश्वासातल्या व्यक्तीसमोर घ्यायचा आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही.

तिचा सध्याचा पत्ता जबाबाच्या मुख्य कागदावर येऊ देऊ नका. तो कागद पुढे आरोपीच्या वकिलाच्या हातात जातो. संस्थेचा किंवा वकिलाचा पत्ता देता येईल का, की पत्ता स्वतंत्र बंद पाकिटात ठेवता येईल, हे आधी विचारा. ओळख आणि खासगीपण जपणं पालेर्मो प्रोटोकॉलच्या कलम ६ मध्ये आहे. गावाकडच्या घरच्यांना धमक्या येत असतील तर तेही जबाबात आणि संरक्षणाच्या अर्जात लिहा. भारतात २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत कुटुंबीयांचाही विचार होतो. ती परदेशात असेल तर तिच्या दूतावासाला परस्पर कळवू नका. अटकेत असलेल्या परदेशी व्यक्तीला दूतावासाशी संपर्काचा हक्क आहे, पण तो वापरायचा की नाही हे तिने ठरवायचं. काहींना आपल्याच देशातल्या माणसांची भीती असते.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. हो, बऱ्याच ठिकाणी तुम्ही शेजारी बसू शकता. युरोपीय संघाचा २०१२ चा पीडितांच्या हक्कांचा निर्देश तिला तिच्या पसंतीची व्यक्ती सोबत नेऊ देतो. ठोस कारणाशिवाय ते नाकारता येत नाही. पण तुम्ही बसलात की काय करायचं नाही हे पक्कं ठेवा: तिच्या वतीने उत्तर देऊ नका, "सांग ना ते" म्हणून ढोसू नका, आदल्या रात्री हकिगत पाठ करून घेऊ नका. पढवलं असा आरोप झाला तर तुम्हीच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहाल. तिने तुम्हाला दीड वर्षाची सगळी कहाणी सांगितली असेल आणि तुम्ही ती तपशिलात लिहून ठेवली असेल, तर त्या वहीचं काय करायचं हेही वकिलाला आजच विचारा. मान हलवणं, पाणी पुढे करणं, ती थकली की "थोडं थांबूया का?" म्हणणं, वेळ टिपणं, एवढं तुमचं काम. ते थोडं नाही.

आदल्या दिवशी तिच्यासोबत एक गोष्ट मात्र जरूर करा. मी प्रत्येकीसोबत करते. एका चिठ्ठीवर तिच्या लिपीत तीन वाक्यं लिहा: "मला प्रश्न समजला नाही." "मला आठवत नाही." "मला थांबायचं आहे." वाचता येत नसेल तर तीन चित्रं काढा. ही वाक्यं तिला मोठ्याने म्हणायला सांगा, आधी तुम्हाला, मग स्वयंपाकघरातल्या मावशींना, मग संस्थेच्या अध्यक्षांना. दीड वर्ष जिला "नाही" म्हटल्यावर मार बसला, तिला खुर्चीवर बसलेल्या मोठ्या माणसाला ही तीन वाक्यं म्हणण्याचा सराव लागतो. चिठ्ठी जबाबाच्या वेळी तिच्या मुठीत असू द्या.